मधल्या रांगेतली खोली

जमिनीला कान लावून जागा निवडणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. आमच्या टोळीची मुकादमीण. तिला सगळे अक्का म्हणायचे. वयानं मोठी माणसंही अक्काच म्हणायची, कारण दुसरं काही म्हणायची कोणाची छाती नव्हती.

दिवाळी झाली की आमच्याकडची निम्मी गावं ऊस तोडायला लांबच्या कारखान्यांवर जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. असे पंधरा-वीस कोयते मिळून एक टोळी, आणि टोळीवर एक मुकादम. कारखान्याच्या माळावर बांबू, चटया आणि उसाचं पाचट यांच्या कोप्या उभ्या करायच्या आणि ऊस संपेपर्यंत त्यात राहायचं. मी आणि माझा नवरा अक्काच्या टोळीत होतो. किती वर्षं ते मी मोजलं नाही. गुडघे गेले तेव्हा थांबले.

ट्रक माळावर थांबला की बाया भांडी उतरवायच्या, बाप्ये बांबू उतरवायचे, आणि अक्का सरळ चालत माळाच्या मध्यावर जाऊन आडवी व्हायची. कुशीवर. एक कान मातीला, डोळे मिटलेले, पदर तोंडावर. पहिल्या वर्षी मी हे पाहिलं आणि मला वाटलं, बाईला फेफरं आलं. मी हुंगवायला कांदा फोडून घेऊन पळत गेले. ट्रकवाला नवा होता. तो माझ्या नवऱ्याला म्हणाला, "बाई गेली की काय बे?"

पदराखालून आवाज आला, "तुझा बाप गेला. गप उभा ऱ्हा."

ती काय ऐकायची ते तिलाच माहीत. ट्रॅक्टरचा रस्ता किती लांब, कारखान्याची घरघर मातीतून किती येते, पाण्याची टाकी कुठं. टाकीजवळ कोपी नको, बायांची भांडणं ऐकू येतात. बैलांजवळ नको. दारू पिणारे जिथं बसतात तिथं तर नकोच. उठली की काठीनं रेघा मारून सांगायची, ही तुझी, ही तुझी. सगळ्यांत चांगली जागा म्हणजे मधल्या रांगेतली मधली. दोन्ही अंगाला आपली माणसं, पुढं आपली, मागं आपली. ती जागा बाळंतिणीला मिळायची, नाहीतर नव्या लग्नाच्या पोरीला. मला दोनदा मिळाली, दोन्ही बाळंतपणांत.

"आडवं पडल्याबिगर जागा कळत न्हाई," असं ती म्हणायची, आणि हे तिनं कोप्यांपुरतं ठेवलं नाही. तिच्या मुलासाठी मुलगी बघायला आम्ही युसूफ वडगावला गेलो होतो. चहा झाला, पोहे झाले, पोरीनं नाव-गाव सांगितलं. अक्का पोरीच्या बापाला म्हणाली, "मी जरा पडू का?" त्याला वाटलं, प्रवासानं दमली. त्यानं खाट दाखवली. ही खाटेवर गेलीच नाही. माजघरात फरशीवर आडवी झाली, कान टेकला आणि डोळे मिटले. पोरीची आई दारात उभी, हातातला ट्रे तसाच. मला तर जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. बऱ्याच वेळानं अक्का उठली, लुगडं झटकलं आणि म्हणाली, "पोरगी पसंत हाय. ह्या घरात कोणी ओरडत न्हाई." लग्न झालं. सून खरोखर हळू बोलते.

तिचा कान दर वेळी बरोबर ठरायचा असं मात्र नाही. एका कारखान्यावर तिनं अशीच आडवी पडून जागा निवडली आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक कोपीत मुंगळे. तिच्याच कानात एक गेला. मी तेल कोमट करून ओतलं, तेव्हा कुठं तो तरंगत वर आला. माझा नवरा म्हणाला, "अक्का, आता तरी जागा बदलू."

ती मान वाकडी धरून म्हणाली, "कावून? जागा शांत हाय. मुंगळं काय बोलतेत का?"

आम्ही तो सबंध हंगाम मुंगळ्यांत काढला.

ती मुकादमीण कशी झाली तेही सांगते, नाहीतर वाटेल पहिल्यापासून होती. मुकादम तिचा नवरा होता, जागा मात्र तेव्हाही तीच निवडायची. तो वारला. तेराव्याच्या जेवणाला आजूबाजूचे मुकादम आले होते, आणि जेवता जेवता आमची टोळी कोणी किती घ्यायची याचं त्यांच्यात चाललं होतं. बायको आत बसलेली आहे याचं कोणाला काही नव्हतं. तेवढ्यात अक्का आतून आली, नवरा ज्या बाजेवर बसायचा तिच्यावर बसली, त्याची काठी मांडीवर आडवी घेतली आणि म्हणाली, "माझ्यासंगं कोण येतंय त्यानं हात वर करा."

बाईमाणसानं टोळी चालवायची? पत्रावळीवरचे हात जागच्या जागी राहिले. सगळे बाप्ये भुईकडं बघायला लागले. पहिला हात माझ्या नवऱ्यानं वर केला, कारण मी मागून त्याला चिमटा काढला होता. मग एकेक वर झाले.

त्या वर्षापासून तिनं आपली कोपी मधल्या रांगेतून काढली आणि कडेला, रस्त्याला लागून उभी केली. सगळ्यांत वाईट जागा. धूळ तिथं, ट्रॅक्टर तिथं, कुत्री तिथं. कोप्यांना दार नसतं. चटई बाजूला सारली की माणूस आत. माळावर शंभर गावचे लोक असतात. एवढं सांगितलं की पुरे. अंधार पडला की अक्का कोपीच्या तोंडाशी बसायची आणि थोड्या थोड्या वेळानं काठी जमिनीवर आपटायची. धप. पायरव ऐकू आला तर ओरडायची, "कोण हाय?" आणि पुन्हा धप.

पहिले काही दिवस मी मनात शिव्या दिल्या. दिवसभर ऊस तोडून अंग मोडलेलं, आणि ही बाई धपधप करते. मग सवय झाली. पुढं पुढं तर ते ऐकतच झोप यायची. एक बाई नवऱ्याशी भांडून भावाच्या टोळीत गेली होती, ती पुढच्या हंगामात परत आली. म्हणाली, "तिथं समदं बरं हाय, पण काठी न्हाई. डोळाच लागत न्हाई." आम्ही हसलो. अक्काही हसली.

आता आम्ही दोघी म्हाताऱ्या. म्हणजे मी म्हातारी आहे, ती होती. तिचं घर माझ्या घरासमोर, दिंद्रुडच्या रस्त्याला. टोळी सुटली, मुलानं सिमेंटचं घर बांधलं, लोखंडी दार लावलं, तरी ती झोपायची नाही. ओट्यावर बसून राहायची. गावातला कोणीही उशिरा घरी आला की त्याला पहिलं तिचं "कोण हाय?" ऐकू यायचं. माजलगावच्या डॉक्टरनं झोपेच्या गोळ्या दिल्या. त्या तिनं फेकल्या. म्हणाली, "गोळीनं झोपले, तर ती झोप माझी का गोळीची?"

तिला एकदा स्वतःची, सबंध, पोटभर झोप पाहिजे होती. नवरा गेल्यापासून ती मिळाली नव्हती. बाकी तिचं काही मागणं नव्हतं. हे तिनं मला पुष्कळ वेळा सांगितलं होतं, पण त्यातून पुढं काय निघणार आहे ते मला ठाऊक असतं, तर मी तेव्हाच कान बंद केले असते.

तिचा मुलगा पंचायत समितीवर निवडून आला. गावानं सत्कार ठेवला. मंडप, हार, मोठमोठे लोक खुर्च्यांवर. मुलानं माईकवर सांगितलं, "मी जो काही हाय तो माझ्या मायमुळं हाय," आणि तिला वर बोलावलं. कोणीतरी तिच्या तोंडापुढं माईक धरला. लोकांना वाटलं, आता माय लेकराला आशीर्वाद देणार. अर्ध्यांनी टाळ्यांसाठी हात वर केले होते.

अक्का म्हणाली, "मला जहाजात जायचंय."

मग एक पोरगा मागून फिसकन हसला आणि सगळा मंडप हसायला लागला. मुलगा लाल झाला. मी पहिल्या रांगेत होते. मला वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. आमच्याकडची माणसं धरणाचं पाणी बघून भितात, आणि हिला समुद्रात जायचंय.

घरी आल्यावर मी विचारलं, "अक्का, हे कुठून काढलंस?"

"दवाखान्यातल्या टीव्हीवर दावलं. हे एवढं मोठं जहाज. त्यात खोल्या. माणसं आत आणि चहूकडं पाणी."

"मग?"

"मग काय? बाहीरून कोण येणार? चोर काय पोहत येणार हाय का? तिथं राखणच नको. तिथं मी झोपते का न्हाई बघ."

मुलाला आधी लाज वाटली. मग लोक कौतुक करायला लागले, तसा त्याचा रंग बदलला. म्हणाला, "माय, मी तुला गॅलरीवाली खोली घेऊन देतो. समुद्राकडं तोंड. आपण फोटो काढू."

"तुझ्या फ्लेक्सवर लावायला? नको. शेळ्या माझ्या, पैसे माझे."

तिनं शेळ्या विकल्या होत्या. मला न विचारता! त्यांतली एक माझ्याच शेळीच्या पोटची होती.

माजलगावात एक माणूस काशी-रामेश्वरच्या सहली काढतो, तो जहाजाचीही काढतो. आम्ही दोघी त्याच्याकडं गेलो. त्यानं समजावून सांगितलं. गॅलरीची खोली महाग, खिडकीची त्याच्याखाली, आणि आतली बिनखिडकीची सगळ्यांत स्वस्त. तो हसत म्हणाला, "मावशी, पहिल्यांदा चाललात, खिडकी तरी घ्या. आतली खोली म्हणजे नुसता डबा."

"खिडकीतून काय येतं?"

"उजेड येतो, समुद्र दिसतो."

"आवाज बी येतो. आतली द्या. पर कोणची द्यायची ते मी सांगणार."

त्यानं एक मोठा कागद दिला. जहाजाचे सगळे मजले त्यावर शेजारी शेजारी छापलेले, प्रत्येकात मुंगीएवढ्या खोल्या. जेवणघर कुठं, लिफ्ट कुठं, पोहायचा हौद कुठं, नाचायचा हॉल कुठं. दोघींच्या खोलीत एकटी गेली तरी पैसे जवळजवळ तेवढेच पडत होते. तेव्हा अक्कानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "तू चल." मला समुद्राची हौस नव्हती. पण फुकट जागा रिकामी जाणार म्हटल्यावर मी हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी उठून बाहेर आले, तर तिच्या घरामागच्या खळ्यात ही पांढरी फक्की घेऊन रेघा मारत होती. कबड्डीचं मैदान आखतात तसं. कागदावर होतं तसं सगळं जहाज तिनं खळ्यात उतरवलं. मजल्यामागं मजला, एकापुढं एक, कोप्यांच्या रांगा असतात तसे. मजला म्हणजे काय ते आम्हांला कळत होतं. पण खळ्यात वर चढवणार कुठं? ते आपले शेजारी शेजारीच राहिले.

मग टोळीतल्या जुन्या बाया बोलावल्या. एकीला स्वयंपाकघराच्या चौकोनात बसवलं, तिनं परात वाजवायची. एकीला लिफ्टमध्ये, तिनं दार आपटायचं, म्हणजे पत्रा. नाचाच्या हॉलमध्ये मला उभं केलं आणि म्हणाली, "नाच."

"मी?"

"पाय आपट नुसते. नाच कोण मागतंय तुला?"

मी पाय आपटत होते, परात वाजत होती, पत्रा खडखडत होता, आणि अक्का एकेका चौकोनात आडवी पडून कान टेकत होती. रस्त्यानं जाणारे लोक गाड्या थांबवून बघत होते. तिचा मुलगा पांढऱ्या कपड्यांत आला, हे बघितलं आणि तसाच मागं फिरला. सून हळूच म्हणाली, "काकू, आत्यांना उन्हात नका ना ठेवू." जशी काही मी ठेवली होती.

तिनं दोन दिवस हे चालवलं. लिफ्टजवळच्या खोल्या काढल्या. जेवणघराजवळच्या काढल्या. दोन खोल्यांच्या मधे दार असतं त्या काढल्या. मधे दार म्हणजे शेजाऱ्याचं खोकणं आपल्याकडं. शेवटी एक चौकोन राहिला. मधल्या रांगेतला मधला. चारी बाजूंना खोल्याच खोल्या. ती तिथं आडवी झाली आणि एवढा वेळ उठली नाही की परातवाली थांबली.

"हीच," ती उठून म्हणाली. तिच्या गालावर फक्की लागली होती. "बाळंतिणीची जागा."

सहलवाल्याला फोन लावून तिनं खोलीचा आकडा सांगितला. त्यानं बघितलं असावं. म्हणाला, "मावशी, ही नक्की घ्यायची का? नाही म्हणजे, इथं जवळच नाचाचा हॉल…"

"हॉल लांब हाय. मी चालून बघितलंय."

"चालून?"

"हो. तू करून टाक."

त्यानं करून टाकलं.

जहाजाबद्दल मी फार सांगत नाही. मला ते आधी जहाज वाटलंच नाही, मुंबईतली आणखी एक इमारत वाटली. आत पाय ठेवला तर खाली गालिचा आणि वर आरशाचं छत, त्यात माझंच लुगडं उलटं दिसायला लागलं. मी दचकून पदर सावरला. सुटताना भोंगा वाजला तशा आम्ही दोघी एकदम उठून पिशव्या उचलल्या. कारखान्याचा भोंगा झाला की कामाला निघायचं, ते अंगातच आहे. शेजारची माणसं बघायला लागली, तशा पुन्हा बसलो.

खोली मात्र खरंच डबा होती. दोन पलंग आणि उशाशी संडास! झोपायचं तिथंच संडास! मी हबकले. अक्का खूश झाली. तिनं दाराला कडी शोधली. कडी नव्हती, पण दार ओढलं की आपोआप घट्ट बसत होतं आणि बाहेरून कार्डाशिवाय उघडत नव्हतं. तिनं मला बाहेर उभं करून दोनदा ढकलायला लावलं. मग दिवा घालवला. स्वतःचा हात दिसत नव्हता. ती अंधारात खाली गालिच्यावर आडवी झाल्याचं मला ऐकू आलं.

"कसंय?" मी विचारलं.

"लई शांत," ती म्हणाली. एवढ्या हळू आवाजात तिला बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी आम्ही जेवून आलो, पडलो, आणि डोक्यावर सुरू झालं. धप. धप. धप धप धप. पलंग हलला. खुंटीला लावलेली माझी पिशवी हलली. मी दिवा लावला. अक्का उताणी पडून छताकडं बघत होती.

"अक्का," मी म्हणाले, "वर नाचतायत."

"वर?"

"वर. हॉल वर हाय."

ती उठून बसली. मग म्हणाली, "खळ्यात वर कुठं होतं?"

मुंगळ्यांच्या वेळी मी हसले होते, आता हसू आलं नाही. शेळ्या गेल्या, गावभर हसं झालं, दोन दिवस उन्हात मातीला कान लावला, आणि एवढ्या मोठ्या जहाजात नेमकी नाचाखालची खोली निवडली. मी खाली चौकशीच्या टेबलाशी गेले. तिथली पोरगी हिंदी बोलत होती. मी म्हणाले, "हमको दुसरी खोली दो. उपर नाचतंय." ती म्हणाली, "आंटी, शिप फुल है." तिनं कानात घालायचे कापसासारखे दोन बोळे दिले. मी ते अक्काला दिले. अक्कानं ते माझ्या पिशवीत टाकले आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे. जा, तू समुद्र बघ."

वरचं थांबलं आणि मग खरी शांतता झाली. संडासातला दिवा मी चालूच ठेवला होता. जाग आली की त्या उजेडात मला पलंगावर तिची बसलेली सावली दिसायची. ओट्यावर बसायची तशीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर तिला खोलीत सोडून मी वर समुद्र बघायला गेले. बघितला. पाणी होतं. परत आले, हळूच दार उघडलं, तर आत काळोख आणि डोक्यावर कालच्यापेक्षा दुप्पट धपधप. दारातून आलेल्या उजेडात बघितलं, अक्का भिंतीकडं तोंड करून मुटकुळं होऊन पडली होती. हलत नव्हती. मला वाटलं, सोसतेय. आपली चूक आहे म्हणून तोंड दाबून सोसतेय. जिनं जन्मभर दुसऱ्यांची झोप राखली, तिच्या डोक्यावर ही माणसं भर दुपारी नाचतायत. माझं डोकं फिरलं. मी दार ओढून घेतलं आणि जिना चढून गेले.

हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं होती. अर्ध्या चड्डीतले माझ्या वयाचे बाप्ये! केस पिकलेल्या बाया हात वर करून! समोर एक पोरगी माईकवर नाच शिकवत होती. मला बघून म्हणाली, "या ना आजी, तुम्हीपण या!"

मी नऊवारीतच सरळ मधे जाऊन उभी राहिले. "आधी ते बंद कर."

"काय झालं आजी?"

"ह्याच्या खाली माणूस हाय. जन्मात झोपली न्हाई ती बाई. झोपायला म्हणून आलीय. बंद कर."

एक जाडा गृहस्थ घाम पुसत म्हणाला, "आजी, जहाजावर कोणी झोपायला येतं का?"

"तू नाचायला आलास, आमी झोपायला आलो. तुझं तिकीट तिकीट आणि आमचं काय चिंधी हाय का?"

पोरीनं गाणं बंद केलं. सगळे पाय थांबले. मला इतकी शांतता होईल असं वाटलं नव्हतं. मी तशीच खाली उतरले, कोणाकडं न बघता. आपण एक चांगलं काम केलं असं मला वाटत होतं.

खालच्या बोळात आमच्या खोलीचं दार सताड उघडं होतं आणि अक्का बाहेर उभी होती. अनवाणी. केस सुटलेले, पदर खांद्यावर नाही, डोळे तांबरलेले, आणि उजव्या हाताची मूठ काठी धरल्यासारखी मिटलेली. काठी गावाकडं होती. ती बोळाच्या एका टोकाकडं बघत होती, मग दुसऱ्या.

"कोण हाय?" ती ओरडली.

"मी हाय अक्का. मी."

"काय झालं? आवाज कावून बंद झाला?"

"मी बंद करायला लावला. तुला झोप लागावी म्हणून."

ती माझ्याकडं अशी बघायला लागली, जशी मी तिच्या ओळखीचीच नाही.

"अगं, झोपले होते की मी," ती म्हणाली. "जेवून आल्यापासून झोपले होते. मेल्यावाणी. कवाच एवढी झोपले नव्हते."

"वर एवढी धपधप चाललीय आणि तू झोपलीस?"

"धपधप होती म्हणून तर झोपले." तिनं भिंतीला हात टेकला. "पडल्या पडल्या ऐकलं आणि वाटलं, वर कोणतरी जागं हाय. माझ्याबिगर दुसरं कोणतरी काठी आपटतंय. मग डोळा लागला. अन् एकदम बंद. मला वाटलं, राखणदाराला काय झालं का काय."

आम्ही तिच्या काठीवर इतकी वर्षं झोपलो, आणि तिला कशावर झोप येत असेल हे मी कधी मनात आणलं नव्हतं. ते ऐकून मी सर्द झाले. त्याहून जास्त हादरले ते यानं, की ते तिलाही आत्ताच कळलं होतं. शांत जागा शोधत ती सगळीकडं कान टेकून फिरली होती, आणि शांत जागेत तिला कधीच झोप येणार नव्हती.

"जा, पड जा आत," मी म्हणाले.

"आता कशानं पडू?"

"तू पड तर. मी बघते."

मी पुन्हा जिना चढले. गुडघे आधीच बोलत होते. हॉलमध्ये ती माणसं अजून तशीच उभी होती, घाम पुसत, काहीजण खुर्च्यांवर. मला बघून माईकवाली पोरगी पुढं आली. तिचा चेहरा उतरला होता. म्हणाली, "सॉरी आजी. झोपल्या का त्या?"

"नाचा," मी म्हणाले.

"अं?"

"नाचा. सगळ्यांनी नाचा. काल नाचलात त्याच्यापेक्षा जोरात."

त्यांनी एकमेकांकडं बघितलं. तो जाडा माणूस म्हणाला, "आजी, थट्टा करता का आमची?"

"पाय आपट बे," मी म्हणाले. "उभा कावून ऱ्हायलास?"

पोरीनं गाणं लावलं. ते आधी दबकतच नाचायला लागले. एवढ्यानं खाली काय पोचणार? मी पावलं मोजून अंदाज घेतला, आमची खोली कुठं असेल तो. खळ्यात मोजलं होतं तसंच. त्या जागेवर उभी राहिले, लुगडं जरा वर खोचलं आणि पाय आपटला. गुडघ्यातून वरपर्यंत कळ गेली. पुन्हा आपटला.